कोंडाजीचा दुसरा घुमट

भिसेगावच्या ग्रामदेवीच्या देवळावर कोंडाजी गवंड्यानं घुमट चढवला आणि खालचे लाकडी आधार काढल्यावर बरोबर तिसऱ्या दिवशी सकाळी तो खाली आला. देवी वाचली, कोंडाजीची अब्रू गेली. बरं, गडी काही गप्प बसणारा नव्हता. कौलं काय, कोंबड्यांच्या खुराड्यावरही असतात, असं सहदेव पाटलांना सुनावून त्यानंच आधी घुमटाचा हट्ट धरला होता. आता पाटलांनी निकाल दिला, की चैत्रातल्या जत्रेपर्यंत दुसरा उभा कर, नाहीतर नेरळचा गवंडी आणून कौलं घालतो.

घुमट का पडला हेच कोंडाजीला कळत नव्हतं, आणि न कळता पुन्हा बांधायचा म्हणजे पुन्हा पाडायचा. बायको चंद्राबाई तर बरंही बोलेना, वाईटही बोलेना. ते त्याला जास्त लागलं.

रेल्वेच्या पुलावर काम करताना भेटलेला एक सोलापूरकर मिस्त्री म्हणाला होता, घुमट बघायचे तर गुलबर्ग्याच्या आणि विजापूरच्या मशिदी बघ. जर्मनच्या लढाईचं दुसरं वर्ष होतं, गाड्यांना ही गर्दी, आणि कोंडाजी पुण्याच्या पुढे कधी गेलेला नाही. तरी गेला. एकटाच, कर्जतहून, काखेत भाकरी आणि पिशवीत ओळंबा घेऊन.

गुलबर्ग्याच्या किल्ल्यातली मशीद बघून तो खुळावलाच. उघडं अंगण म्हणून नाही, अख्खं छत घुमटांचं! मोजायला लागला आणि तीनदा चुकला. मग विजापूर. तिथल्या मोठ्या मशिदीत शिरताना मात्र त्याला वाटलं, देवाच्या घरी रिकाम्या हातानं जाऊ नये. म्हणून बाजारातून नारळ घेतला, दारात वहाणा काढून आत गेला, आणि तिथं झाडलोट करणाऱ्या म्हाताऱ्या बाबांना विचारलं, नारळ कुठं फोडायचा?

बाबा आधी बघतच राहिले, मग पोट धरून हसले. इथं फोडत नाहीत, म्हणाले, पण आणलाच आहेस तर बाहेर बसून खाऊ. खोबरं खाता खाता कोंडाजीनं आपल्या पडक्या घुमटाची सगळी कर्मकथा सांगितली. बाबांनी मग त्याला आत नेऊन मोठ्या घुमटाखाली उभं केलं. एकमेकींना छेदत चढणाऱ्या कमानींकडे बघून कोंडाजीचं तोंड उघडं ते उघडंच. मान दुखेपर्यंत तो शेंड्याकडे बघत होता.

"सर नक्को देखो, मिस्त्री," बाबा म्हणाले. "कंधे देखो."

कोंडाजीनं खाली पाहिलं. घुमट भिंतीवर टेकतो तिथं केवढं तरी बांधकाम लादून तो आतल्या बाजूला दाबून धरला होता. आणि भिसेगावात त्यानं स्वतः काय केलं होतं? शेंड्यावर कमळ, कळस, हा एवढा थाट, आणि खांदे लेकाचे पापडासारखे! ओझ्यानं ते बाहेर फाकणार नाहीत तर काय होईल? त्याला इतका आनंद झाला, की मशिदीत आहोत हे विसरून तो मोठ्यानं हसला. दोन दिवस तिथंच राहून त्यानं सगळी मापं हातानं, वितीनं मोजून घेतली.

मार्गशीर्षात चुना भिजला, चैत्र लागायच्या आधी घुमट उभा राहिला. कमळबिमळ काही नाही, खांदे मात्र पैलवानाचे. आधार काढले. पहिला दिवस गेला, दुसरा गेला. सगळा गाव झाडाखाली बसून बघत होता, पण आत जाईल कोण? देवीची ओटी भरायची खोळंबली होती. पाटील म्हणाले, घाई काय हाय, बघू.

तिसऱ्या दिवशी सकाळी चंद्राबाई घरून सुपात तांदूळ घेऊन निघाली. कुणाशी न बोलता देवळात शिरली, देवीला हात जोडले, आणि नेमकी घुमटाच्या मध्याखाली फतकल मारून तांदूळ निवडायला लागली. कोंडाजी धावत दारात आला. आज तिसरा दिवस हाय, भायेर ये, असं तो तिथूनच ओरडला.

तिनं वरही पाहिलं नाही.

"हितं गारवा बरा हाय," ती म्हणाली. "निवडून झालं का येते."

घटकाभरानं आणखी दोघी सूप घेऊन आल्या.