दारातला निळा फटकारा

मी एक जुने निसर्गचित्र आहे. खेड्यातली पाच-सहा घरे, मागे टेकडी आणि पुढे पायवाट, एवढाच माझा संसार. मित्रांनो, खरे सांगते, कोणी जवळ येऊन मला निरखू लागले की आजही मेल्याहून मेल्यासारखे होते. का, ते ऐका.

माझा चित्रकार भल्या सकाळी गावासमोरच्या उतारावर लाकडी तिवई मांडून बसला. ऊन सरकायच्या आत त्याला सगळे उरकायचे होते, त्यामुळे कौले आणि खिडक्या रेखत बसायला सवड नव्हती. उन्हातली भिंत म्हणजे पिवळ्या-गुलाबी रंगाचे जाड थापे. सावल्यांत त्याने काळा रंग चुकूनही घातला नाही. त्या जांभळ्या केल्या, कारण त्या घटकेला त्या तशाच दिसत होत्या. कडेच्या घराच्या दारात त्याची बायको उभी होती. तिच्यासाठी निळ्या रंगाचा एकच फटकारा.

"बाबा, आई कुठंय?" शेजारी बसलेल्या त्याच्या मुलीने विचारले.

"ही काय."

"एवढीशी? हिला तर नाकडोळेपण नाहीत!"

"जरा लांब जाऊन बघ."

मुलगी उतार चढून वर गेली, वळली आणि तिथूनच ओरडली, "दिसली! कंबरेवर हात ठेवून आपली वाट बघतेय!"

तेव्हा मला जो अभिमान वाटला, तो पुन्हा कधी वाटला नाही.

पुढे ती आई आजारपणात गेली. तिचा एकही फोटो नव्हता, दुसरे चित्रही नव्हते. चित्रकाराला ते दार रोज बघवेना, म्हणून त्याने मला आपल्या मित्राला देऊन टाकले. "लांबून बघ हं," एवढेच तो म्हणाला.

हे मित्र दातांचे डॉक्टर. माणूस लाखमोलाचा, पण एक खोड होती. कुठेही खड्डा दिसला की तो भरल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. दवाखान्याच्या अरुंद बोळात एक खिळा रिकामा होता, तिथे मला टांगले. समोरच रोग्यांचे बाकडे. बसलेल्यांचे गुडघे माझ्या भिंतीला टेकत, मग लांबून कोण आणि कसे बघणार?

"डॉक्टर, हे कुणा लहान पोरानं काढलंय का?" गाल सुजलेला एक जण विचारी. "रंग सांडलाय वाटतं," दुसरा म्हणे. डॉक्टर खजील होत. शेवटी दवाखान्याची पाटी रंगवायला आलेल्या पेंटरला त्यांनी आत बोलावले.

"हे जरा नीट करून दे रे. घरांना कडा नाहीत, खिडक्यांना गज नाहीत."

"आणि साहेब, हे निळं काय?"

डॉक्टरांनी चष्मा कपाळावर चढवला आणि नाक मला लावले. "पिंप असेल. पिंपच कर."

निळ्याचा जाड थर आड येत होता. पेंटरने तो ब्लेडने खरवडून काढला आणि तिथे छान गोल पिंप रंगवले. घरांभोवती काळ्याकुट्ट रेघा ओढल्या. मग बाकड्यावरून कौतुक सुरू झाले. "आता कसं घर घरासारखं दिसतंय!" त्या प्रत्येक शाबासकीला जमिनीत गडप व्हावेसे वाटे.

वर्षे गेली. चित्रकारही गेला. एके दिवशी त्याची मुलगी मला बघायला आली. तिचे केस पिकू लागले होते. बोळात मागे सरायला जागा नव्हती, म्हणून ती तडक समोरच्या डॉक्टरांच्या खोलीत गेली आणि पार पलीकडच्या भिंतीला पाठ लावून उघड्या दारातून माझ्याकडे बघू लागली. खुर्चीत एक रोगी आ वासून पडला होता. मला भिंतीकडे तोंड करता आले असते तर मी केले असते.

"तिथं आई होती," ती म्हणाली. "दारात."

डॉक्टरांच्या हातातले यंत्र थांबले. "मला... मला वाटलं पिंप आहे."

रोग्याने हळूच तोंड मिटले.

"रंगाच्या खाली असेल ना अजून ती?"

"असणार! असणारच!" डॉक्टर म्हणाले. मला खरे ठाऊक होते, पण चित्राला कुठली आली वाचा?

डॉक्टरांनी स्वतः मला उराशी धरून चित्रे दुरुस्त करणाऱ्या बाईंकडे नेले. बाईंनी कापसाच्या बोळ्याने हलक्या हाताने काळ्या रेघा पुसल्या. जांभळ्या सावल्या पुन्हा वर आल्या. मग पिंप निघाले. खाली नुसते कोरे कापड होते.

"इथं निळा रंग भरून देऊ? कुणाला कळणारही नाही," बाई म्हणाल्या.

"नको," डॉक्टर म्हणाले. "ती जागा मी भरायची नाही."

आता मी रोग्यांच्या खुर्चीसमोर, लांबच्या भिंतीवर आहे. मित्रांनो, तुम्हाला एकच विनवणी. एखादी गोष्ट समजली नाही, तर ती नीट करायला धावू नका. आधी मागे सरा, थोडे थांबा, पुन्हा बघा. माझी लाज माझ्यापाशीच राहू दे, पण माझ्यासारखी वेळ दुसऱ्या कोणावर आणू नका.

मुलगी पुन्हा आली, तेव्हा डॉक्टरांनी तिला त्याच खुर्चीत बसवले आणि स्वतः खाली मान घालून मागे उभे राहिले. तिने माझी घरे पाहिली, पायवाट पाहिली, मग ते दार. त्या कोऱ्या ठिपक्यावर तिची नजर बराच वेळ टिकली. आता रडेल किंवा रागावेल, असे मला वाटले.

"आत गेली असेल," ती म्हणाली. "फार वाट बघितली बिचारीनं."