काचेखालची पोर

आमच्याकडे ग्रीसमध्ये मेलेल्या माणसाला जमीन तीनच वर्षं मिळते. जागाच नाही, करणार काय! मग हाडं वर काढायची, घरच्या बायांनी धुवायची आणि पेटीत घालून चर्चमागच्या खोलीत ठेवायची. आजी-आजोबा, सगळे तिथेच आहेत.

माझी धाकटी बहीण आर्गिरो मात्र हटून बसली. तिची लेक फोतिनी एकोणिसाव्या वर्षी तापानं गेली. तीन वर्षं भरली, पाद्रीबाबा दोनदा येऊन गेले. ही म्हणायची, "माझ्या लेकीला कुणी हात लावायचा नाही." बस्स.

रविवारी म्हटलं, चल, बंदरावर मासे खाऊ. जेवलो, पण ऊन इतकं की शेजारच्या म्युझियममध्ये शिरलो. आत गारवा. मडकी, मडकी आणि दगडी देव.

"दादा, एकाचंही नाक धड नाही रे."

"खुपसत असतील तुझ्यासारखं जिथे तिथे."

हसली बिचारी. कितीतरी दिवसांनी.

पुढच्या खोलीत काचेखाली एक अख्खी कबर मांडलेली. हाडं कुशीवर, गुडघे पोटाशी, हाताजवळ मातीची बाहुली. पाटीवर लिहिलेलं, लग्नाआधी वारलेली मुलगी, अडीच हजार वर्षांपूर्वीची.

कुठे आणलं मी हिला!

"चल गं, कॉफी घेऊ."

हलेना. काचेवर तळवा टेकून उभी.

"मावशी, हात नको," राखणीवरची पोरगी म्हणाली.

"हिला धुतलं कुणी?"

"ब्रशनं साफ करतात मावशी, शिकलेली माणसं येतात."

"आईनं नाही?"

पोरगी गोंधळली. "अहो, जशी पुरली तशीच होती ती. इतकी वर्षं कुणी हलवलीच नाही."

"म्हणजे कुणी न्यायला आलंच नाही," आर्गिरो म्हणाली. "परक्यांनी काढली शेवटी."

पोरगीनं पुन्हा हटकलं नाही.

गाडी घाट चढून वर आली. मग आर्गिरो म्हणाली, "पाद्रीबाबांना शनिवारचं सांग. पण हाडं मीच काढणार. दुसऱ्या कुणाचा हात नको."

शनिवारी कबरी खणणाऱ्या थानासिसनं माती उपसली नि बाजूला झाला. आर्गिरो खड्ड्यात उतरली. एकेक हाड फडक्यात घेऊन वर देत होती. डोकं मात्र दिलं नाही. ते घेऊन वर आली, मातीतच बसली, मांडीवर ठेवून कपाळ पुसत राहिली.

"किती हलकी झालीस गं," म्हणाली.

मला काही बघवेना. जरा वेळानं पाद्रीबाबांनी पेटी पुढे केली.

"थांबा हो," आर्गिरो म्हणाली, "आत्ताच तर आलीय."

पाद्रीबाबांनी पेटी खाली ठेवली.