तर्जनी गोमुखीबाहेर

"डोळे मिटा. ज्या डाव्या तळहातावर रोज इष्टलिंग घेऊन बसता, त्याच तळहातात ही कांडी धरा. हलू नका. यंत्र तुम्हाला ओळखतंय."

हा आवाज अजून माझ्या कानात आहे. तो बसवेशचा, माझ्या सख्ख्या भावाच्या मुलाचा. आम्हा लिंगायतांच्या रोजच्या पूजेत गळ्यातलं लिंग तळहातावर कसं घ्यायचं, नजर कुठे ठेवायची, हे त्याला लहानपणी मांडीवर बसवून मीच शिकवलं होतं.

अक्कलकोट रस्त्यावरचं मंगल कार्यालय त्या दिवशी लग्नाच्या मुहूर्ताला भरावं तसं भरलं होतं. चिंचोळीच्या कारखान्यांतले कामगार पाळी सोडून आले होते, बार्शीहून गाड्या भरून माणसं आली होती. व्यासपीठावर बसवेश. पांढरा झब्बा, कपाळावर भस्म, उजवा हात गोमुखीत. जपमाळ झाकून जप करायची ती कापडी पिशवीही मीच त्याला शिवून दिली होती.

"मी जादू करत नाही, मंडळी," तो माईकवर सांगत होता. "हे संशोधन आहे! संगणकाची सुरक्षा, भौतिकशास्त्र आणि शरीररचना, तीन शास्त्रांचा संगम! कांडी धरली की यंत्र सगळं शरीर तपासून अहवाल बनवतं, आणि तुमच्या शरीराची क्वांटम लहर हीच त्या अहवालाच्या कुलपाची किल्ली. दुसऱ्याचा हात लागला तर कुलूप हलणार नाही. परदेशातल्या प्रयोगशाळा मागे लागल्यात. मी म्हटलं, आधी माझं सोलापूर!"

टाळ्या थांबेनात.

त्याने माझ्या धाकट्या जावेला, निंगव्वाला, वर बोलावलं. तिच्या छातीत गाठ होती. लाजेपायी ती डॉक्टरकडे गेली नव्हती. कित्येक आठवडे ती बसवेशकडे येऊन कांडी धरत होती, तिच्यावरच तिची सगळी भिस्त. पडद्यावर लाल कुलूप आलं. आधी धुळा नावाच्या एका कामगाराला कांडी धरायला लावली. कुलूप ढिम्म. मग निंगव्वाने धरली आणि कुलूप खटकन उघडलं. शरीराचं चित्र आलं, छातीशी एक ठिपका मिणमिणू लागला.

"गाठ अर्धी विरघळली!" बसवेश ओरडला. "आता कुठल्या डॉक्टरकडे जाऊन सुई टोचून घेऊ नका, काकू. ऊर्जा फुटते."

निंगव्वा रडतच खाली आली. "अक्का, तुजा भाचा देवमाणूस हाय की गं!"

मग माझी पाळी. डोळे मिटले, कांडी धरली. "पित्ताशय उत्तम," बसवेशने वाचलं.

माझं पित्ताशय तीन वर्षांपूर्वी ऑपरेशन करून काढलंय. त्या रात्री दवाखान्यात माझ्या उशाशी हाच बसला होता.

चारचौघांत बोलायची मला सवय नाही. यंत्र चुकलं असेल, अशी मनाची समजूत घालत खाली येऊन बसले आणि सवयीने माळ ओढू लागले. पुढच्या माणसांची तपासणी चालू होती, तेव्हा बसवेशच्या हाताकडे लक्ष गेलं. जप करताना तर्जनी मण्याला लागू द्यायची नसते. गोमुखीत तिच्यासाठी वेगळं भोक ठेवतात, ते बोट बाहेर राहतं. बसवेशचं बोट आत होतं. माळ फिरत असली की पिशवी सारखी हलते. ही मात्र गप्प होती, आणि कुणाचं कुलूप उघडायच्या वेळी तेवढीच दचकायची.

शेजारी माझी लेक महेश्वरी बसली होती. ती पुण्यात संगणक-सुरक्षेवर संशोधन करते. तिच्या कानात मी हे सांगितलं.

"अव्वा, पिशवी तू शिवलीस," ती म्हणाली. "तूच विचार."

मी वर गेले. महेश्वरी मागोमाग आली. "बसवेशा, एक माळ दोघं मिळून करू. बोट बाहेर काढ."

"आत्या, कार्यक्रम चाललाय..."

"काढ रे बाळा."

तो हात मागे घ्यायला गेला आणि पिशवी निसटली. आत माळ नव्हतीच. फरशीवर एक काळं बटण पडलं. पडद्यावरची चित्रं लांबून बदलायला शिक्षक वापरतात, तसलं. महेश्वरीने ते उचलून दाबलं. कांडीला कुणाचाच हात नव्हता. पडद्यावरचं लाल कुलूप उघडलं.

"आयला!" धुळा उठून उभा राहिला. "म्हंजी माज्या येळंला दाबलंच न्हाय व्हय रं?"

बसवेश सावरला. "कुलूप नुसतं दाखवायला आहे! तपासणी खरी आहे!"

"मग आमच्या या बाईंचीही कर की, दादा." महेश्वरीने आमच्या डब्यातली कडक भाकरी काढली, पाण्यात भिजवून मऊ केली आणि कांडीभोवती दाबून बसवली. मग संगणकावर तिनेच नाव टाकलं: भाकरव्वा. वय साठ. स्त्री.

पडद्यावर आलं: यकृतात उष्णता, गर्भाशय अशक्त, पित्ताशय उत्तम.

"भाकरव्वाला झोपवा कुटंतरी!" धुळा ओरडला. सगळं कार्यालय हसत सुटलं. महेश्वरीने 'स्त्री'च्या जागी 'पुरुष' केलं, तर त्याच भाकरीला प्रोस्टेटची सूज आली.

"कांडीला एवढंच कळतं की काहीतरी ओलसर टेकलंय," ती म्हणाली. "बाकी सगळं आपण टाकलेल्या वयावरून आणि स्त्री की पुरुष यावरून ठरतं. आमच्या कामात पहिला प्रश्न हाच असतो, की कुलूप नेमकं काय तपासतं? हे काहीच तपासत नव्हतं. आणि क्वांटम म्हणजे अणूंच्या जगातले नियम. त्यांचं नाव घेतलं म्हणून छातीतली गाठ कांडीला दिसत नाही."

फक्त निंगव्वा हसत नव्हती. "मग माजी गाठ?" तिने विचारलं. "ती इरगळली न्हाय?"

मी बसवेशकडे पाहिलं. तो हळूच म्हणाला, "आत्या, घरातली असून तू मला उघडं पाडलंस. मी लोकांना आशाच देत होतो ना?"

"तिचे दिवस तू खाल्लेस," मी म्हणाले. "ते परत कुठून आणशील?"

पिशवी मी उचलली आणि घरी घेऊन आले.

त्या संध्याकाळी निंगव्वा दारात आली. "अक्का, सकाळी दवाखान्यात जाते म्हनते. एकटीला लई भ्या वाटतं. तू येशील न्हवं?"

"येईन."

पहाटे नेमाप्रमाणे लिंग तळहातावर घेऊन बसले. डोळे मिटले की कांडी आठवत होती. त्याने तीच जागा वापरली, तोच तळहात. बराच वेळ नजर स्थिर होईना.

माझ्यासारख्या नेमधर्म पाळणाऱ्या बायांना एवढंच सांगते. पूजा करा, उपास धरा, मीही सोडणार नाही. पण तुमच्या भक्तीचं नाव घेऊन कुणी तुमचा आजार वाचू लागला, तर आधी त्याच्या यंत्राला एक भाकरी तपासायला लावा. विचारलेल्या प्रश्नाने देव रागावत नाही. आणि गाठ डॉक्टरलाच दाखवा, आज दाखवा.

पूजा आटोपली. लिंग गळ्यातल्या करंड्यात ठेवलं, दोघींपुरत्या भाकऱ्या बांधून घेतल्या. महेश्वरी झोपली होती. कडी न वाजवता दार ओढून घेतलं आणि निंगव्वाच्या घराकडे चालू लागले.