सतराव्या रांगेतला टॉवेल

त्या उन्हाळ्यात लाइनेफ्लुग कंपनीने एकाच विमानात दोन धंदे सुरू केले. हॅनोव्हरहून मायोर्का बेटावर जाणाऱ्या विमानातल्या पुढच्या पंधरा रांगा टूरवाल्यांच्या. जागा ठरलेली, गरम जेवण तिकिटातच. मागच्या रांगा इंटरनेटवर स्वस्त तिकीट काढणाऱ्यांच्या. मिळेल तिथे बसायचं, सँडविच विकत घ्यायचं. टूरवाले पुढच्या जिन्याने चढत, स्वस्तवाले मागच्या. हवाई सेविका म्हणून माझं काम मागच्या भागात होतं.

मे महिन्यातल्या पहिल्या शनिवारी मागच्या जिन्याने सगळ्यांत आधी चढले ते उब्बो हार्म्स, एम्डेन बंदरातले निवृत्त क्रेनचालक. सतराव्या रांगेत खिडकीशी बसले आणि शेजारच्या जागेवर त्यांनी निळ्या पट्ट्यांचा टॉवेल पसरला. चारही कोपरे नीट ताणून.

विमान भरत गेलं. लोक त्या जागेपाशी येत, टॉवेल बघून तोंड वाकडं करत आणि पुढे सरकत. एक बाई नवऱ्याला म्हणाली, "अजून समुद्र दिसला नाही, तोवर याची सुरुवात झालीसुद्धा." पण हात कोणी लावला नाही. पहाटे उठून हॉटेलच्या पोहण्याच्या तलावाकाठची आरामखुर्ची टॉवेल टाकून धरून ठेवणाऱ्याला आमच्या जर्मनीत सगळेच नावं ठेवतात. त्याचा टॉवेल उचलत मात्र कोणी नाही. मलाही ते जमेना.

शेवटी एक विद्यार्थी जागेविना उभा राहिला. रिकामी जागा एकच, टॉवेलखालची. मी हार्म्सना विचारलं, ही कोणासाठी?

ते खिडकीकडे बघत सांगू लागले. पुढच्या भागात फ्राउ, म्हणजे श्रीमती, क्लाइनर्ट नावाच्या बाई आहेत, लाल चष्म्याच्या. गेल्या वर्षी दोघं एकाच हॉटेलात होते. हार्म्स रोज पहाटे दोन खुर्च्यांवर टॉवेल टाकायचे, एक स्वतःसाठी, एक त्यांच्यासाठी. पत्ता मागायचं धाडस झालं नाही. 'पुढच्या मेमध्येही पहिलाच शनिवार, हेच विमान,' एवढंच बाई निघताना बोलल्या होत्या. टूरमधल्या जागा संपल्या म्हणून हार्म्सनी स्वस्त तिकीट काढलं. बाई विमानाकडे जाताना दिसल्या, पण त्या पुढच्या जिन्याकडे वळल्या.

"तुम्ही आलाय हे त्यांना माहीत आहे?"

"नाही. तुम्ही विचारा, इथे येऊन बसतील का. नको म्हणाल्या तर टॉवेल मी स्वतः उचलतो."

आमची प्रमुख गेझिना. तिला विमानातल्या फोनवरून सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "कप्तानाला काय सांगू, टॉवेलसाठी थांबलोय?" मग म्हणाली, पटकन विचार.

फ्राउ क्लाइनर्ट सहाव्या रांगेत होत्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी मासिक मिटलं.

"टॉवेल निळा आहे का?"

"निळ्या पट्ट्यांचा."

"एकदा मी उजाडायच्या आत खाली गेले होते. हा माणूस उठतो तरी कधी, ते बघायला. तरी टॉवेल होताच." मग त्यांनी विचारलं, "माझ्या जेवणाचं काय?"

नियमाप्रमाणे जेवण जागेला मिळतं, माणसाला नाही, असं मी म्हटलं.

"पैसे जागेने नाही भरले बाई, मी भरलेत."

मी आणून देते म्हटल्यावर त्यांनी पर्स उचलली. त्या मागे निघाल्या तशा दोन्ही बाजूंच्या माना वळत गेल्या. हार्म्स उभे राहायला गेले आणि वरच्या कप्प्यावर डोकं आपटलं. बाईंनी टॉवेलची घडी घालून त्यांच्या हातात दिली आणि बसल्या. विद्यार्थी पुढे बाईंच्या जागेवर गेला, दार बंद झालं.

जेवणाच्या वेळी विद्यार्थ्यासमोर ट्रे आला, तर त्याने परत केला. हे माझं नाही, म्हणाला. मी तो पंधराव्या रांगेपलीकडे नेला तेव्हा एकाने विचारलं, हे केवढ्याला? फ्राउ क्लाइनर्टनी शेवयांचे दोन वाटे केले. हार्म्सनी चीज सँडविच विकत घेतलं होतं, त्याचेही दोन झाले.

मी कॉफी ओतत होते, तेव्हा त्या म्हणाल्या, "सांगा आता. किती वाजता उठायचात?"

"साडेचारला."

"वेडे आहात." मग काट्याशी चाळा करत म्हणाल्या, "यंदा मी त्या हॉटेलात नाही उतरत."

 हार्म्सची खोली त्याच हॉटेलात होती. तिथे त्या असतील म्हणूनच घेतलेली. त्यांनी विचारलं, मग कुठे? बाईंनी दुसऱ्या हॉटेलाचं नाव सांगितलं. डोंगराच्या बाजूला, संत्र्यांच्या बागेत, लहानसं आहे.

"तिथे खुर्च्या धरायला लागतात?"

"छे. पुरून उरतात."

हार्म्सनी मांडीवरच्या टॉवेलकडे बघितलं. 

"मग मी तिथे येऊन करू काय?"

"झोपा पोटभर," फ्राउ क्लाइनर्ट म्हणाल्या. "आणि दहाला माझ्याकडे नाश्त्याला या."