झाकणाखालची हाक

मी एक जुनी तपकिरी बाटली आहे. उंची करंगळीएवढी, पोटात गवती चहाचं तेल. मित्रांनो, भट्टीत काच वितळवून मला घडवलं तेव्हा वाटलं होतं, माझ्यातून आरपार ऊन जाईल. पण रंग दिला तो मुद्दाम ऊन अडवणारा. उजेड लागला की असली तेलं बिघडतात म्हणे. तेलाची कहाणी तर माझ्याहून वाईट. त्याचं गवत तांब्याच्या हंड्यात कोंबलं, खालून वाफ सोडली, ती वाफ नळीतून थंड केली आणि पाण्यावर जे चमचाभर तरंगलं ते माझ्या पोटात भरून वर झाकण आवळलं. अख्खं रान इवल्याशा पोटात! तेव्हापासून आम्ही दोघं कैदी, एकमेकांना सांभाळून.

मला घेतलं एका मालीशवाल्या बाईंनी. त्यांच्या दोन खोल्या. पुढे उंच पलंग, मागे त्यांची धाकटी जाऊ पंचे धुवायची. फळीवर आम्ही अकरा बाटल्या, सगळ्या एकसारख्या. एकीवरही नाव नाही.

"ताई, चिठ्ठ्या लावू का?" जाऊ विचारायची.

"इथं लावल्यात की," बाई नाकावर बोट ठेवायच्या.

आणि ते खरंही होतं. झाकण उघडलं की त्या क्षणात ओळखायच्या. आखडलेल्या पोटऱ्यांना तिळाच्या तेलात मी, झोप न येणाऱ्याला लॅव्हेंडर, सर्दीला गरम पाण्यात निलगिरी. "ही म्हणजे तिखट सून, एकच थेंब पुरे," असं माझं कौतुक व्हायचं. तो थेंब खोलीभर हिंडायचा. माझं फिरणं काय ते तेवढंच.

मग बाईंना ताप आला. ताप गेला, पण जाताना वास घेऊन गेला. पहिल्या दिवशी त्यांनी मला हुंगलं, पुन्हा हुंगलं. मी होता नव्हता तेवढा जोर लावला. त्यांचा चेहरा कोराच. मित्रांनो, वास हाच माझा आवाज. ज्यांच्याशी जन्मभर बोलले, त्यांनाच आता मी ऐकू येईना.

बाईंनी ही गोष्ट कुणाला सांगितली नाही. नाक गेलं म्हणजे काम गेलं, ही धास्ती. त्यांनी आमच्या जागा पाठ केल्या. डावीकडून तिसरी लॅव्हेंडर, सातवी मी. महिनाभर निभावलं. मग एका सकाळी जाऊने फळी पुसली, लखलखीत केली, आणि मला ठेवलं तिसऱ्या जागी.

त्याच दुपारी एक निवृत्त मास्तरीणबाई आल्या. कातडी कागदासारखी पातळ, नाक सर्दीने चोंदलेलं. "डोळ्याला डोळा नाही गं. तोंडावरून हात फिरव रोजच्यासारखा," म्हणून आडव्या झाल्या.

बाईंनी मला उचललं. वाटीत थोडं तिळाचं तेल, त्यात माझे थेंब. एक, दोन, तीन... सहा. लॅव्हेंडरचे सहा त्या कातडीने रोज सोसले होते. माझ्या सहांनी तिथं आग झाली असती, आणि डोळ्यांत गेले असते तर विचारूच नका. मी ओरडत होते. पण एक नाक बहिरं, दुसरं चोंदलेलं. झाकण उघडं असूनही इतकी कोंडलेली मी कधीच नव्हते.

बाईंची बोटं वाटीत बुडाली आणि मागचा पडदा सर्रकन सरकला. ओल्या हातांनी जाऊ धावत आली.

"थांबा ताई! गवती चहा आहे तो!"

"काहीतरीच काय?"

"अहो, मागच्या खोलीत माझं नाक झोंबतंय! तुम्हाला..." ती थबकली. "तुम्हाला वास येत नाही?"

बाईंनी बोटं पंच्याला पुसली. पुसतच राहिल्या. मग मटकन स्टुलावर बसल्या. "महिना झाला. सांगितलं असतं तर आलं असतं का कुणी?"

मास्तरीणबाईंनी एक डोळा उघडला. "फळा दिसत नाही म्हणणाऱ्या पोरीला मी पुढच्या बाकावर बसवायचे. घरी नाही पाठवायचे. ऊठ, हात धू साबणाने. आणि तू गं धाकटे, चिठ्ठ्या लिही आधी."

आता माझ्या पोटावर नाव आहे. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून बाई रोज सकाळी चार बाटल्या हुंगतात, त्यांत मी एक. जाऊ नाव सांगते, बाई डोळे मिटून तो वास आठवतात. आठवडेच्या आठवडे काही नाही. परवा मात्र त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"शी! जळक्या रबरासारखं काहीतरी."

"येतंय?" जाऊ किंचाळली.

"घाण येतंय गं!"

आणि दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून हसत सुटल्या. डॉक्टर म्हणाले होते, वास परततो तेव्हा असाच वाकडातिकडा येतो कधी कधी. जन्मभर सुगंधी म्हणून मिरवलेली मी, जळकं रबर झाले, आणि इतका मान मला कधी मिळाला नव्हता. मग झाकण पुन्हा गच्च. अजून खरी मी त्यांना कळायची आहे.

मित्रांनो, आमच्यावर नावं लिहा, आम्हाला उन्हापासून जपा, दुसऱ्या तेलात न मिसळता अंगाला कधी लावू नका. आणि तुमच्या घरात कुणी गप्प गप्प झालं असेल, तर जवळ जाऊन विचारा. आतून कितीही ओरडलं तरी बाहेर ऐकू येतंच असं नाही.