तिप्पट आणि एक वीत

गारगोटी रस्त्यावरच्या आपल्या शेडमध्ये आकाराम मिस्त्री खडूनं काढलेल्या वर्तुळाकडे बघत बसले होते. गुऱ्हाळातल्या, उसाचा रस आटवायच्या आठ फुटी काहिलीला काठाबाहेरून बसवायचं लोखंडी कडं करायचं होतं. वाकवलेल्या पट्टीची टोकं एकमेकांना भिडायला हवी होती, पण मध्ये अर्धी वीत तोंड उघडंच राहिलं होतं. आधीचं कडं तर जोडून, टेम्पोत घालून गुऱ्हाळावर नेलं आणि ते काहिलीवर बसेना. ते तसंच माघारी आणावं लागलं.

मिस्त्रींचं माप ठरलेलं होतं. आडवं माप तीनदा घ्यायचं आणि वर एक वीत. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव चढवताना वडिलांनी, म्हणजे आबांनी, शिकवलेलं. पुढं गाड्यांना रबरी टायर आले, शेडमध्ये गेट आणि खिडक्यांच्या जाळ्या होऊ लागल्या, गोल काम सुटलं ते सुटलंच. आता इतक्या वर्षांनी आलं आणि दोनदा फसलं. आबांचं माप चुकायचं नाही, म्हणजे आपलाच हात गेला, असा मिस्त्रींनी सरळ हिशेब मांडला. साठी उलटली की असले हिशेब लवकर पटतात. शेड भाड्यानं द्यायची असं ते घरात सांगून मोकळे झाले. बघायला आज एक जण येणार होता.

डबा घेऊन सून आली. स्नेहल राजारामपुरीतल्या एका क्लासमध्ये गणित शिकवायची. पट्टीचं उघडं तोंड बघून तिनं माप विचारलं, मिस्त्रींनी नाइलाजानं सांगितलं. तिनं मोबाइलचा कॅल्क्युलेटर आडवा धरला तशी जास्तीची बटणं दिसू लागली. एक बटण दोन खांबांवर छप्पर टाकल्यासारखं होतं. हा पाय, ती म्हणाली. वाटी असो की विहीर, घेर आडव्या मापाच्या तिप्पट आणि वर थोडा. पण ते थोडं ठरलेलं नसतं, गोल मोठा तसं तेही वाढतं. आठ फूट म्हणजे शहाण्णव इंच, गुणिले पाय. तीनशे एक आले आणि वर अर्ध्याहून जरा जास्त. मिस्त्रींची पट्टी दोनशे सत्त्याण्णव इंचांची होती.

"म्हंजे आबांचं खोटं व्हतं?" मिस्त्रींनी विचारलं.

स्नेहलनं गाडीच्या चाकाचं माप विचारलं. सव्वापाच फूट. त्रेसष्ट गुणिले पाय तिनं त्यांनाच दाबायला लावलं. एकशे अठ्ठ्याण्णवला केसभर कमी. त्रेसष्टाची तिप्पट एकशे एकोणनव्वद, वर वितीचे नऊ इंच. एकशे अठ्ठ्याण्णव.

"आबांचं माप त्या चाकापुरतं खरंच हाय, आप्पा. काहिलीला दीड वीत लागते. तुमचा हात कुठंबी गेला न्हाय."

मिस्त्रींनी पुन्हा दाबून बघितलं. सुनेवर विश्वास होता, पण लोखंडाच्या कामात खात्री केलेली बरी. आकडा तोच आला. त्यांना एकदम हलकं वाटलं. आबांचा थोडा रागही आला, हे गाडीपुरतंच आहे एवढं तरी सांगायचं. पण आबांनी जन्मात काहिलीचं कडं केलं नव्हतं, त्यांना तरी काय ठाऊक असणार?

बाहेर मोटरसायकल थांबली. शेड बघायला आलेला माणूस आत येऊन पत्रे, भिंती न्याहाळू लागला. मिस्त्री तोवर नव्या पट्टीवर खूण करून उभे राहिले होते.

"पावणं, शेड द्यायची न्हाय," ते म्हणाले. "आलायसा तर त्या टोकाला धरा, पट्टी जड हाय."