कपाळावरचं हवामान

आईच्या कपाळावर पाच आठ्या होत्या. तीन आडव्या, फिकट. दोन उभ्या, भुवयांच्या मधोमध, त्यातली डावी जास्त खोल. वजन-मापं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरी करणाऱ्या मुलीला मोजायची खोडच होती. आडव्या तिन्हींबद्दल आईची तक्रार नव्हती. उभ्या दोन मात्र तिला काढून टाकायच्या होत्या, आणि त्यासाठी चक्क ऑपरेशन करून घ्यायचं होतं.

"या वयात हे काय खूळ घेतलंस डोक्यात?" मुलगी म्हणाली.

"तीस वर्षं सुईत दोरा ओवताना डोळे बारीक केले, त्याच्या या खुणा," आई शिवणयंत्रावरून मान वर न करता म्हणाली. "आणि लोकांना वाटतं, बाई कायम तापलेली. पैसे माझे, कपाळ माझं."

मुलीला ते पटलं नाही. गिऱ्हाइकांना काय वाटतं याची आईने कधी फिकीर केली नव्हती. मग आत्ताच काय झालं? तरीही सर्जनकडे ती सोबत गेली. आईला एकटं कसं सोडायचं?

"नेमकं काय बदलायला हवंय?" सर्जनने विचारलं.

आईने पदर सारखा केला. "डॉक्टर, माझ्या घरातली दोन माणसं माझ्या कपाळाशी बोलतात. माझ्याशी नाही. 'हवामान' म्हणतात ती त्याला."

मुलीचे कान तापले. ही बाप-लेकीची जुनी गंमत होती. संध्याकाळी दारात चपला काढता काढता बाबा हळूच विचारायचे, "चिमे, हवामान?" मग तिने स्वयंपाकघरात डोकावायचं आणि येऊन सांगायचं: निरभ्र, नाहीतर ढगाळ. ढगाळ असलं की दोघं निमूट जेवून उठायचे. सहलीची परवानगी, गणितातले मार्क, येऊ घातलेले पाहुणे, सगळं उद्यावर. आईला यातलं काही ठाऊक नाही, याची दोघांना खात्री होती.

सर्जनने पेन खाली ठेवलं. "ऑपरेशनने आठ्या जातील. माणसं बदलतील, असं काही मी लिहून देणार नाही."

"माणसांचं मी बघते. तुम्ही टाके तेवढे बारीक घाला. उसवायला परत यायची नाही मी."

केसांच्या आत छोट्या चिरा घेऊन भुवयांमधला स्नायू ढिला केला गेला. सूज उतरली तसं कपाळ इस्त्री फिरवल्यासारखं सपाट झालं. गिऱ्हाइकं म्हणाली, तब्येत सुधारली हो तुमची! बाबा तर खूशच. रोजच निरभ्र!

त्याच खुशीत एका रात्री जेवताना त्यांनी कित्येक दिवस पोटात ठेवलेली गोष्ट काढली. त्यांचा धाकटा भाऊ तीन महिने राहायला येणार होता. मागच्या खोलीत, म्हणजे आईच्या शिवणाच्या खोलीत. "मी हो म्हणून टाकलंय," ते म्हणाले.

आईने हातातला डाव खाली ठेवला. कपाळ तसंच, कोरं.

बाबांनी तिकडे पाहिलं. पुन्हा पाहिलं. मग भुवया उंचावून मुलीकडे. तिनेही सवयीने आईच्या कपाळावर नजर टाकली. वाचण्यासारखं तिथे काही उरलंच नव्हतं. आपण इतकी वर्षं नेमकं काय मोजत होतो, असं तिच्या मनात आलं.

"मला काही दिसत नाही, बाबा," ती मोठ्याने म्हणाली. "तुम्हीच विचारा तिला."

बाबांनी घसा खाकरला. पाण्याचा घोट घेतला. ताटातला भात उगाच इकडचा तिकडे केला.

"तुला... राग आलाय का गं?"

"आलाय," आई म्हणाली. उठू पाहणाऱ्या बाबांना तिने हातानेच थांबवलं. "बसा. आजचाच नाही, जुनाही आहे."

बाबा बसले. मुलीने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

आई एकोणीस मिनिटं बोलली. बाबांनी मध्ये दोन प्रश्न विचारले.